लाईट पडल्यानंतरचा फोटो

प्रिय दादा,

फोटो निघाला. मायचा. मधल्या खोलीत, फ्लॅशचा लाईट न मारता. हललेला नाही, पिवळा पडलेला नाही, डोळ्यांच्या कडेची एकेक सुरकुती वेगळी दिसते. कालपासून ही बातमी मी मनात घेऊन फिरते आहे आणि सांगायला माणूस सापडत नाही. लातूरला तुझ्या दाजींना फोन केला. ते म्हणाले, "अरे वा," आणि लगेच विचारलं, मायचे डोळ्यांचे थेंब संपले का. त्यांची तरी काय चूक? अंधाऱ्या खोलीत एवढ्याशा कॅमेऱ्यावर असा फोटो निघणं म्हणजे काय, हे कळणारा आपल्या घरात एकच माणूस होता. तो आठ महिन्यांपूर्वी गेला. म्हणून तुलाच लिहायला बसले.

तसं आपल्याला पत्रांची सवय कुठे आहे? "पोचलीस का?" "हो." "जेवलास का?" "हो." एवढ्यावर आपलं भावाबहिणीचं सगळं भागायचं. आज मात्र जरा जास्त वेळ घेणार आहे तुझा. दमलेय रे फार. मध्येच भरकटले तर सांभाळून घे.

आधी कबुली देते. तू गेलास हे मायला मी सांगितलंच नाही. आठ महिने तुला पुण्यात ठेवलंय.

तू गेलास त्याच्या तीन दिवस आधी लातूरला मायच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. काचबिंदू. तूच आम्हाला देगलूरच्या स्टँडवर एसटीत बसवून दिलं होतंस, खिडकीतून पाण्याची बाटली दिली होतीस. डॉक्टरांनी बजावलं होतं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही आणि रडायचं तर अजिबात नाही. डोळ्यावर ताण आला तर आहे ती नजरही जाईल. आणि मग तो फोन आला. मी दवाखान्याच्या जिन्यात उभी होते. वर मायच्या डोळ्यावर पट्टी होती आणि खाली, फोनमध्ये, तू नव्हतास. मी तोंड धुतलं, वर गेले आणि म्हणाले, "माय, शाळेत तपासणी आलीय. मला जावं लागतंय." आणि तुला पोचवायला आले.

दाजींनी तिला लातूरला आमच्या भाड्याच्या खोलीत ठेवून घेतलं. पोरीच्या बारावीच्या क्लाससाठी ते दोघं तिथे राहतात आणि मी इकडे बिलोलीजवळच्या शाळेत, हे तुला माहीतच आहे. चाळीस दिवसांत डोळ्याची जखम भरली की सांगू, असं ठरलं होतं. चाळीस दिवस झाले. जखम भरली. माझं तोंड काही उघडलं नाही.

मग माय म्हणाली, मला माझ्या घरी देगलूरला सोडा. मी एक दिवस आधी आले आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी गेले. आपल्याकडे कुणी गेलं की बायका येऊन बसतात. आईच्या गळ्यात पडतात, मोठ्यानं रडतात, तिलाही रडवतात. त्या सगळ्यांपुढे मी हात जोडले. बसायला येऊ नका, म्हटलं. तुझा दहावा, तेरावा मायच्या पाठीमागे उरकला होता. आता तिच्या वाटेचं रडणंही मी दारातूनच परत पाठवलं. शेजारच्या गंगामावशी म्हणाल्या, "सुमे, हे बरं न्हाई करून राहिलीस तू. मायचं मायला दे." मी ऐकलं नाही.

पुण्याची गोष्ट मात्र मी झकास रचली हं! पुण्याच्या एका मोठ्या फोटोग्राफरनं तुला कामाला बोलावलं. लग्नसराई आहे, सुट्टी नाही. तिथी संपल्या तेव्हा तुला साखरपुडे दिले, ते संपले तेव्हा डोहाळजेवणं, मग बारशी. जिवंतपणी तुला एवढं काम कधी मिळालं होतं का? तुझा फोन नेहमी माय झोपलेली असतानाच यायचा. उठली की मी सांगायचे, दादाचा फोन येऊन गेला.

"काय म्हनला?"

"जेवलीस का विचारत होता."

"मंग सांगितलंस का, जेवले म्हनून?"

"सांगितलं."

सुरुवातीला ती म्हणायची, मला उठवायचं न्हाई का गं. नंतर तेही म्हणेनाशी झाली. मला वाटलं, पटलं तिला. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

पहाटे उठायचं, मायचं अंघोळीचं पाणी, डोळ्यात थेंब, डबा, सहाची एसटी, शाळा, परत एसटी, पुन्हा थेंब आणि मग तुझा फोन. यातलं सगळ्यात जड काम कोणतं, तर हे शेवटचं. तुझं नाव घेताना जीभ जड व्हायची. दर रात्री ठरवायचे, उद्या सांगून टाकू. दर सकाळी वाटायचं, आजचा दिवस जाऊ दे.

तुझ्यावर रागही आहे, तेही सांगून टाकते. दोन दिवस छातीत जळजळतंय म्हणून तू सोडा पीत बसलास. देगलूरला काय डॉक्टर नाहीत? माय लातूरला, सुमी लातूरला, त्यांना कशाला त्रास, असंच वाटलं असेल तुला. हा असला समजूतदारपणा कुणी मागितला होता तुझ्याकडे? एक फोन करायचास. मी चिडले असते, ओरडले असते, पण तुला दवाखान्यात घेऊन गेले असते. शाळेतल्या पोरांना मी रोज सांगते, दुखत असेल तर बोलावं. घरच्या थोरल्याला कुणी सांगायचं?

असो. फोटोचं सांगत होते.

पंधरा दिवसांपूर्वी मायला पुन्हा लातूरला दाखवलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, ऑपरेशनचा डोळा अजून थोडे दिवस साथ देईल, दुसरा गेल्यातच जमा आहे. उजेड तर तिला मुळीच सोसत नाही. दारातून ऊन आलं तरी तोंड फिरवते, म्हणून ती दिवसभर मधल्या खोलीत असते. तिथं खिडकी नाही, तुला माहीत आहे. परत येताना एसटीत, उदगीर मागे गेल्यावर म्हणाली, "सुमे, मपला एक फोटो काढ. दिसतंय तवर एकदा तोंड बघून घेते."

"आरसा हाय की माय."

"आरशात तोंड सरकतंय. फोटो जाग्यावर ऱ्हातो." मग म्हणाली, "बालाजीला बोलाव. त्यो काढील."

"त्याला सुट्टी न्हाई माय."

"बरं," ती म्हणाली. "मंग तू काढ."

मला खिडकीकडे तोंड करून बसावं लागलं, दादा.

मायचा धड फोटो आपल्याकडे एकही नाही, हे तुझ्या तरी कधी लक्षात आलं होतं का? तू कॅमेरा काढला की ती पदर ओढून स्वयंपाकघरात जायची. "मेल्यावर काढ, तवा हलायची न्हाई मी," म्हणायची आणि आपण दोघंही हसायचो. देगलूर, बिलोलीकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांचे फोटो काढलेस तू, आणि मायची तेवढी पाठ आहे आपल्याकडे. भाकरी थापतानाची. तिच्या पाठीवरून ती ओळखू येते, हे खरं, पण तिला स्वतःला काय दिसणार त्यात?

आधी मोबाईलवर काढला. फ्लॅश बंद करून, जमेल तेवढा नीट. मोबाईलनं तिच्या सगळ्या सुरकुत्या पुसून टाकल्या. चेहरा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. मायनं मोबाईल नाकाशी धरला, एका डोळ्यानं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ही कोन?" मला हसू आलं आणि मग हसू थांबलं. तिच्याकडे असले चुकीचे फोटो बघण्याइतके दिवस नाहीत.

मग तुझी पेटी उघडली. आठ महिने हात लावला नव्हता. स्टुडिओ बंद केलास तेव्हा मोठा कॅमेरा विकलास आणि हा खिशात मावणारा तेवढा ठेवलास. चार्जर सापडायला एक दिवस गेला, बॅटरी चार्ज धरायला दोन. चालू झाला तेव्हा काच बाहेर येताना तो जो बारीक आवाज करतो, तो ऐकला. घरात तू आल्यासारखंच वाटलं. मायला ऐकू गेलं असेल का, हा विचारसुद्धा तेव्हा मनात आला नाही. अक्कल गहाण टाकली होती मी.

कार्डात तुझे शेवटचे फोटो होते. बिलोलीकडच्या कुठल्याशा गावातले एक आजोबा, अंधाऱ्या खोलीत बाजेवर बसलेले. एकाच माणसाचे ओळीनं फोटो. सुरुवातीच्या फोटोंत आजोबा ताठ, मान आखडलेली, श्वास धरलेला. मग एक फोटो लाईट मारलेला, चेहऱ्याला पीठ फासल्यासारखा पांढरा, मागे भिंतीवर काळी सावली. आणि त्याच्या पुढचा! आजोबा हसत नाहीत, पण खांदे खाली आलेत, एक हात बाजेवर टेकलाय, डोळे कुठेतरी लांब. त्यांना माहीतच नाही की आपला फोटो निघतोय. तेव्हा मला तुझं बोलणं आठवलं, जे मी कधी नीट ऐकलं नव्हतं.

आपल्याकडच्या लोकांचा पक्का समज, लाईट पडल्याशिवाय फोटो निघत नाही. तू लाईट न मारता कितीही सुंदर फोटो काढ, माणूस तसाच ताठ बसून राहणार आणि विचारणार, "पडला का?" नाही पडला म्हटलं तर उठणार नाही. म्हणून तू शेवटी एक लाईट मारायचास, नुसता त्यांच्या समाधानासाठी. त्याला तू रिकामा लाईट म्हणायचास. "सुमे, लाईट पडला की माणूस सुटतंय," तू एकदा सांगितलं होतंस. "त्याला वाटतं, झालं आपलं काम. तवा जे तोंड दिसतंय ना, ते त्याचं खरं. ते धरायचं." मी म्हणाले होते, हो हो, आणि डबा घासायला उठले होते.

शिकवायला तर तू तयार होतास. माझ्या पोरीच्या बारशाला तू कामात अडकलास आणि कॅमेरा माझ्या हातात दिलास. मी लांब उभी राहून झूम केलं, प्रत्येक फोटोला लाईट मारला. सगळी माणसं पांढरी, डोळे लाल, आणि पाळण्यातलं लेकरू कुठे आहे तेच दिसत नाही. तू ते फोटो बघून म्हणालास, "भुतांचं बारसं काढलंस की गं!" मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नाही. एकदा स्टुडिओत म्हणालास, पाच मिनिटं बस, तुझा फोटो काढतो आणि कसा काढतात तेही दाखवतो. माझी एसटी होती. एसटी मिळाली. ती पाच मिनिटं राहिली.

आता आठ दिवस तुझं ते सगळं बोलणं एकेक करून आठवलं. पाण्याचा तांब्या मधल्या खोलीत ठेवून त्याचे किती फोटो काढले, विचारू नकोस. झूम करायचं नाही, पायानं जवळ जायचं, कारण छोट्या कॅमेऱ्यात झूम केलं की काचेतून उजेड आणखीच कमी येतो. उजेड वाढवायचा आकडा फार चढवायचा नाही, नाहीतर फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. कॅमेरा हातात धरायचाच नाही, कशावर तरी टेकवायचा. बटणावर बोट ठेवलं तरी तो हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि हात काढून घ्यायचा. ओळीनं तीन काढायचे, एखादा तरी स्थिर निघतो. तू हे सांगायचास तेव्हा मला ते पाककृतीसारखं कंटाळवाणं वाटायचं. आता तांब्याच्या कडेवरचा चरा फोटोत स्पष्ट दिसला तेव्हा मी एकटीच टाळी वाजवली. तांब्या काही बोलला नाही.

पण तांब्या रिकाम्या लाईटची वाट बघत नाही, माय बघणार होती. आणि तिच्या डोळ्यांवर लाईट मारायची माझी हिंमत नव्हती. तुझी युक्ती तिच्यासाठी उपयोगाचीच नव्हती, आणि दुसरी तू सांगून गेला नव्हतास.

काल शनिवार, सकाळची शाळा. दुपारी आल्यावर मायला चहा दिला, तिचे केस विंचरले. तिनं हिरवं लुगडं मागितलं. बाज दारापासून थोडी आत ओढली, तिचं तोंड भिंतीकडे केलं आणि त्या भिंतीवर पांढरी चादर लावली. दाराचा पडदा बाजूला केला की उजेड चादरीवर पडतो आणि तिथून मऊ होऊन तिच्या तोंडावर येतो. "तरास होतोय का?" विचारलं. म्हणाली, "न्हाई. बरा हाय ह्यो उजेड." स्टुलावर गोधडीची घडी ठेवली, तिच्यावर तुरीच्या डाळीची पिशवी, आणि पिशवीत खळगा करून कॅमेरा. खरं सांगते दादा, तू असतास तर पाठीवर थाप मारली असतीस.

कॅमेरा बसवताना मी तो क्षणभर तिच्या मांडीवर ठेवला, पिशवी सरळ करायला. एवढंच चुकलं. मायचे हात कॅमेऱ्यावर फिरले. त्याला तू दोरी म्हणून बांधलेला काळा करदोडा तिच्या बोटाला लागला. तिनंच तो कुठल्या तरी जत्रेतून आणला होता, तुझ्या कमरेला बांधायला, आणि तू "आता मी काय लेकरू हाय का" म्हणून कॅमेऱ्याला बांधला होतास. तिनं गाठ चाचपून बघितली. तुझी ती दुहेरी गाठ.

"त्याचाच कॅमेरा हाय न्हाई?"

मी आठ महिन्यांत सरावलेली बाई. "हाव. पार्सलनं पाठवला त्यानं. तुझा फोटो काढायला."

"बरं," ती म्हणाली, आणि कॅमेरा माझ्या हातात दिला.

मी बटण दाबलं, दोन सेकंद, क्लिक. पुन्हा, क्लिक. माय ताठ बसलेली, ओठ मिटलेले, हनुवटी वर. अगदी कार्डातल्या त्या आजोबांच्या पहिल्या फोटोसारखी. ओठ न हलवता तिनं विचारलं, "लाईट पडला का?"

काय करू मी? लाईट मारता येत नव्हता. नाही पडला म्हणाले असते तर ती तशीच बसून राहिली असती. मी म्हटलं, "पडला, माय." एवढी मोठी थाप आठ महिने मारली, त्यात ही एक आणखी. आणि आता ती सैल होईल म्हणून घाईघाईनं पुन्हा बटण दाबलं. त्या गडबडीत कुठलं तरी दुसरंच बटण दाबलं गेलं आणि टायमर दोनऐवजी दहा सेकंदांवर लागला. समोरचा लाल दिवा उघडझाप करायला लागला.

"न्हाई पडला," माय म्हणाली. शांतपणे म्हणाली, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. "मला दिसत नसंल, पर लाईट पडला का न्हाई तेवढं कळतंय. लाईट बी पडला न्हाई आन बालाजी बी पुन्यात न्हाई."

एवढं बोलून तिनं मान जराशी माझ्याकडे वळवली. मग क्लिक झालं.

मग मी विचारलं, "कधीपासून, माय?"

"लातूरपासून. तू तपासनीला म्हनून गेलीस आन आलीस तवा बोलताना नाक भरलेलं. दाजी माझ्यासमोर उभा ऱ्हाईना. आन तू त्याचं नाव घेताना आवाज बारीक करतीस. जित्त्या मानसाचं नाव असं कोन घेतंय, सुमे?"

"मग बोलली कामून न्हाईस?"

"डाक्टर म्हनला हुता रडू नका. बोलले असते तर रडले असते." तिनं हात पुढे केला. मी जवळ जाऊन बसले तर माझा हात सापडेपर्यंत ती बाजेवर चाचपत राहिली. "आन तू त्याला रोज फोनवर जित्ता करून राहिलीस. मी कशाला मारू?"

दादा, म्हणजे आठ महिने मी तिला जपते आहे असं मला वाटत होतं आणि ती मला जपत होती. "जेवले म्हनून सांगितलंस का?" असं रोज विचारत होती. कुणासाठी? माझ्यासाठी! मला इतकी लाज वाटली आणि इतकं हलकं वाटलं, की दोन्हीतलं आधी काय हे मला आजही सांगता येणार नाही.

मग तिला फोटो दाखवला. कॅमेऱ्याची स्क्रीन तिच्या चांगल्या डोळ्याजवळ धरली, उजेड कमी करून. पहिले दोन तिनं बघून सोडून दिले. तिसऱ्यावर थांबली. या फोटोत ती ताठ नाही. मान जराशी माझ्याकडे वळलेली, ओठ बोलून झाल्यावर असतात तसे थोडे उघडे. दिवसभराचा भारा डोक्यावरून उतरवल्यावर बाई बसते ना, तशी बसलीय. मी हा फोटो काढलेला नाही, तो निघाला. दहा सेकंदांची चूक झाली म्हणून निघाला.

मायनं खूप वेळ बघितलं. मग म्हणाली, "कान लई मोठे दिसायलेत मपले. कुनी कधी सांगितलं न्हाई!"

आम्ही दोघी हसलो. हसता हसता मला रडू फुटलं, तर तिनं माझं तोंड पदरानं पुसलं आणि स्वतःचा डोळा कोरडा ठेवून मला विचारलं, "सुमे, आता मला रडलेलं चालतंय का? डाक्टरला इचार की."

तू ऐकतोयस ना, दादा? पोटच्या पोरासाठी रडायला तिनं परवानगी मागितली. मी लातूरला फोन लावला. डॉक्टरांना आधी प्रश्नच कळला नाही. मग सगळं सांगितलं. म्हणाले, जखम कधीच भरलीय, रडू द्या त्यांना, थेंब तेवढे चुकवू नका. मी फोन ठेवून मायला सांगितलं. ती मान हलवून म्हणाली, "मंग येत्या रविवारी गंगाला आन समद्यांना सांग, बसायला या म्हनावं. मी एकटी न्हाई रडनार. त्याच्यासाठी रडायचं तर समदी पाहिजेत."

आज सकाळी मी पुन्हा त्याच घरांची दारं वाजवली. तेव्हा हात जोडून नका येऊ म्हटलं होतं, आज या म्हणून सांगितलं. कुणी काही विचारलं नाही. गंगामावशींनी नुसता माझ्या गालावरून हात फिरवला आणि येते म्हणाल्या. दाजींना फोन केला, पोरीला घेऊन शनिवारीच या, आणि रविवारी चहा तुम्ही करायचा. ते म्हणाले, मला एवढ्या माणसांचा चहा येत नाही. म्हटलं, शिका.

दादा, तुला पोचवायला आले तेव्हा मी रडले नव्हते. दुसऱ्याच दिवशी मायपुढे जाऊन बसायचं होतं, डोळे सुजून चालणार नव्हतं. मग तेरावा, मग शाळा, मग तुझे फोन. तुझ्यासाठी बसायला मला जागाच झाली नाही. तर तुला शब्द देते, आजपासून तुझ्या नावानं या घरात एकही खोटा फोन येणार नाही. आणि रविवारी बायका येतील तेव्हा मी पाणी द्यायला, सतरंजी घालायला, कुणाला सरकून घ्या म्हणायला उठणार नाही. मी मायच्या शेजारी बसणार आहे आणि तुझ्यासाठी रडणार आहे, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं.

तुझी,
सुमी